वाचकांचे प्रश्न : आधी डोळे तपासा, मग बुद्ध्यंक

प्रश्न : मुलांना तपासणारं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक एका विद्यापीठात १८९६ साली निघालं, असं आम्हाला वर्गात सांगितलं. पण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिचाचणी तर १९०५ची. मग मधली नऊ वर्षं तिथे तपासत काय होते?
– मानसशास्त्राची विद्यार्थिनी, पाचपाखाडी, ठाणे

हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. क्लिनिक आधी आलं आणि बुद्ध्यंकाचा (आयक्यूचा) आकडा नंतर, हे विसरल्यामुळेच आज बरेच घोळ होतात.

फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्च १८९६ मध्ये मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिकेने चौदा वर्षांचा एक मुलगा लाइटनर विटमर यांच्यापुढे आणला. मुलगा एरवी हुशार, पण शब्दलेखनात सारखा आपटायचा. विटमर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. लाइपझिगला प्रायोगिक मानसशास्त्राचे प्रवर्तक वुंट यांच्याकडून १८९२ मध्ये डॉक्टरेट घेऊन आलेले, म्हणजे पक्के प्रयोगशाळेतले गृहस्थ. मानसशास्त्राला काही अर्थ असेल तर ते अशा मुलाच्या उपयोगी पडलं पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. तपासणीत पहिली गोष्ट सापडली ती दृष्टिदोषाची. चष्मा झाला, पण तेवढ्याने भागलं नाही. शब्दांचं रूप लक्षात राहण्यातही अडचण होती, म्हणून वेगळी शिकवणी लावावी लागली.

पुढची पद्धत यातूनच बसली. मूल आलं की डोळे, कान, नाक-घसा डॉक्टरांकडून बघून घ्यायचे, शाळेची आणि घरची माहिती काढायची, प्रयोगशाळेतली साधनं वापरायची. मग मुलाला थोडं शिकवून बघायचं, की ते कुठे अडतं आणि कशाने सुटतं. या शिकवून बघण्यालाच निदान मानलं जाई. विटमर यांनी १९०७ मध्ये ‘द सायकॉलॉजिकल क्लिनिक’ हे नियतकालिक काढलं आणि पहिल्याच अंकात या कामाला ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ असं नाव दिलं.

आकडा आला तो दुसऱ्या वाटेने. पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची मालिका केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गोडार्ड यांनी ती १९०८ मध्ये अमेरिकेत आणली. मानसिक वयाला (मूल कितव्या वर्षाच्या मुलांइतके प्रश्न सोडवतं, ते वय) प्रत्यक्ष वयाने भागायची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ श्टर्न यांची, १९१२ची. अमेरिकेतल्या टर्मन यांनी बिने चाचणीच्या १९१६च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत त्याला शंभराने गुणलं आणि बुद्ध्यंक घरोघरी पोचला. एका आकड्यावर मुलाचा निकाल लावणं विटमर यांना शेवटपर्यंत मान्य नव्हतं. आमच्या मते तेच बरोबर होते.

आपल्याकडे राइस यांनी लाहोरमध्ये १९२२ साली बिने चाचणीचं हिंदुस्थानी रूपांतर केलं. व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडकडे मराठी आणि कन्नड मुलांवर काम केलं, त्यातून १९३४ची बिने-कामत चाचणी आली. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. मालिन यांची नागपूरची मुलांची बुद्धिचाचणी १९६९ची. ठाण्या-मुंबईतल्या क्लिनिकांच्या कपाटात आजही बिने-कामत आणि मालिन या दोन पेट्या दिसतात.

प्रश्न : मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे, घरी आम्ही मराठीच बोलतो. बिने-कामतवर ८४ आला. आठ महिन्यांनी दुसरीकडे मालिनवर भाषिक ८५, कृतिक ९७ आणि एकूण ९१ आला. खरा कुठला?
– पालक, कळवा

दोन्ही खरे. तुम्हाला वाटतोय तेवढा त्यांच्यात विरोध नाही.

बिने-कामतमध्ये प्रश्न वयाच्या पायऱ्यांवर मांडलेले असतात. दहाव्या वर्षापर्यंत प्रत्येक वर्षाला सहा प्रश्न, एका बरोबर उत्तराला दोन महिने. समजा, सहा वर्षांच्या पायरीवरचे सगळे प्रश्न आले, सातच्या पायरीवर चार, आठच्या दोन आणि नऊचा एकही नाही. तर मानसिक वय ६ वर्षं अधिक ८ महिने अधिक ४ महिने, म्हणजे ८४ महिने. मुलीचं वय ८ वर्षं ४ महिने, म्हणजे १०० महिने. भागाकार करून शंभराने गुणा : ८४.

या चाचणीत बोलण्याचा, शब्दांचा भाग मोठा. मालिनमध्ये भाषिक आणि कृतिक उपचाचण्या वेगळ्या असतात. ठोकळ्यांची नक्षी, चित्रातला राहिलेला भाग, तुकडे जोडणं, संकेत भरणं, चक्रव्यूह ही कामं हातांनी करायची. एकूण आकडा दोन्हींची सरासरी : ८५ आणि ९७ची ९१. आता पहिल्या ८४ शेजारी दुसऱ्या चाचणीतले फक्त भाषिक ८५ ठेवा. दोन्ही चाचण्या तुम्हाला एकच गोष्ट सांगताहेत : शब्दांत मुलगी मागे पडते, हातांच्या कामात तितकी नाही. असं का, हा पुढचा प्रश्न आहे, आणि चाचणी नेमकी कुठल्या भाषेत घेतली हे अहवालात नसेल तर त्याचं उत्तर मिळत नाही. गणिताच्या उपचाचणीत ‘सदुसष्ट’ ऐकून इंग्रजी माध्यमाचं मूल गोंधळतं, ‘सिक्स्टी सेव्हन’ म्हटलं की लगेच उत्तर देतं. ही चूक गणिताची नव्हे, पण गुण गणिताचेच जातात.

आकडा म्हणजे एक ठिपका नसतो, पट्टा असतो. ८४ म्हणजे साधारण ७९ ते ८९ असं वाचा. शिवाय जुन्या प्रमाणकांवर (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना होते, त्या जुन्या तक्त्यांवर) आकडे थोडे फुगतात, कारण पिढ्यांगणिक मुलांचे सरासरी गुण वाढत गेले (संशोधक जेम्स फ्लिन यांच्या नावाने हा परिणाम ओळखतात). १९६९च्या प्रमाणकांवरचा ९१ बघताना हे ध्यानात असू द्या. आता तिसरी चाचणी नको. लगेच पुन्हा घेतली तर ठोकळे ओळखीचे झालेले असतात आणि कृतिक गुण फुकटचे वाढतात.

एक गोष्ट मात्र आजच करा. अहवालातलं वय स्वतः मोजा. समजा, तपासणी १० जून २०२५, जन्म २५ नोव्हेंबर २०१६. दहा दिवसांतून पंचवीस जात नाहीत, म्हणून एक महिना उसना घेऊन ४० वजा २५, १५ दिवस. महिने ५ उरले, वर्ष उसनं घेऊन १७ वजा ११, सहा. वर्षं २०२४ वजा २०१६, आठ. वय ८ वर्षं ६ महिने १५ दिवस. कुणी नुसती वर्षं वजा करून ‘नऊ’ लिहिलं, तर ९० महिन्यांच्या मानसिक वयाला ८८ ऐवजी ८३ येतो. ही चूक दिसते त्याहून जास्त वेळा होते.

प्रश्न : मुलाच्या तपासणीत लाकडी पाटीवर आकार बसवायला दिले. याला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. ही चाचणी म्हणायची?
– एक वडील, कोपरखैरणे

हो, ही सेग्विन फॉर्म बोर्ड. दहा आकार, वर्तुळ-चौकोनापासून चांदणी आणि फुलीपर्यंत. सोंगट्या बाहेर काढून तीन थरांत रचतात, ‘होईल तितक्या लवकर बसव’ म्हणतात, तीनदा वेळ घेतात आणि सर्वांत कमी वेळ धरतात. आकार ओळखणं, हात-डोळ्यांचा मेळ आणि वेग एवढंच यातून कळतं. बोलत नसलेल्या मुलाला ही सोयीची पडते. केवळ हिच्यावर बुद्ध्यंक लिहून दिला असेल तर दुसरी चाचणी मागा. (पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड फुगतं, तुकडा अडकतो आणि सेकंद मुलाच्या खात्यावर जातात. परीक्षकाने आधी स्वतः एकदा बसवून बघावं.)

प्रश्न : पुढच्या शनिवारी ठाण्यात तपासणी आहे. तयारी काय करायची? नेटवर सरावाचे प्रश्न मिळतात.
– आई, घणसोली

सराव नको. त्याने आकडा बिघडतो आणि खरी अडचण झाकली जाते.

डोळे आणि कान या आठवड्यातच तपासून घ्या. चष्मा असेल तर तो घालूनच जा. नेहमीची औषधं स्वतःहून बंद करू नका. वेळ सकाळची मागा, शाळा सुटल्यावर बसने दमून आलेलं मूल दुपारी वेगळंच दिसतं. पोटभर नाश्ता द्या. बुद्धिचाचणीला साधारण तास-दीड तास लागतो आणि वाचन-लेखनाची तपासणी सहसा दुसऱ्या दिवशी ठेवतात.

सोबत जन्मदाखला, दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, आधीचे अहवाल घ्या. आणि वह्या, पण रोजच्या, चुकांसकट. सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिलेली वही आणली तर परीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. मुलाला ‘पेपर आहे’ किंवा ‘पास व्हायचंय’ म्हणू नका. ‘ताई कोडी सोडवायला देणार आहेत, काही येतील, काही नाही’ एवढं पुरे. तुम्ही बाहेर थांबा, कारण खोलीत आई असली की मूल उत्तर तिच्या चेहऱ्यावर शोधतं.

एका कागदावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून द्या. ‘आयक्यू काढा’ नको, ‘वाचतो, पण लिहिताना जोडाक्षरं गाळतो, का?’ असं हवं. त्यावरूनच परीक्षक चाचण्या निवडतो.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, अध्ययन अक्षमतेचा (लर्निंग डिसॅबिलिटीचा) संशय आहे. दहावीच्या सवलतींसाठी खासगी क्लिनिकचा अहवाल बोर्डाला चालेल का?
– पालक, नेरूळ

फक्त त्यावर विसंबू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली आहे, पण प्रमाणपत्र शासनाने नेमलेल्या रुग्णालयाच्या मंडळाकडून घ्यावं लागतं. आठ वर्षांखालच्या मुलाला ते देत नाहीत. दहावीचे अर्ज भरायची वेळ आली की या रुग्णालयांत तारखा मिळत नाहीत, म्हणून नववीतच नाव नोंदवा. खासगी अहवाल सोबत न्या, त्यावर तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा. एकूण बुद्धीतच मागेपणा असल्याची शंका असेल, तर खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थानाचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे चौकशी करा.