लेख तयार असतो, पाठवला मात्र जात नाही

“इतकी वर्षं लिहून पोट भरतेय, तरी दर लेखाला वाटतं, या खेपेला माझं पितळ उघडं पडणार. मी खरी लेखिका नाहीच का?” माझ्याकडे आलेल्या एका लेखिकेचे हे शब्द. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ही तक्रार मुरलेले लेखकही करतात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांमध्ये ती नोंदवली. यश मिळतं, पण त्याचं श्रेय नशिबाला किंवा समोरच्याच्या गैरसमजाला जातं. पुढे पुरुषांतही हेच आढळलं. हा आजार नव्हे.

मी बाईंना विचारलं, काल नेमकं काय केलंत? लेख दुपारीच झाला होता. पहिला परिच्छेद बदलला, परत होता तसा केला. मेलला फाइल जोडली. मग ‘उद्या ताज्या नजरेनं बघू’ म्हणत लॅपटॉप मिटला.

“मिटल्यावर कसं वाटलं?”

“हायसं.”

मेख इथेच होती. टाळलं की सुटका वाटते, आणि मन शिकतं की टाळलं म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते.

धीर मी दिला नाही. तो देणारे त्यांच्या घरीच पुष्कळ होते. त्याऐवजी वही केली. पाठवण्याआधी भाकीत लिहायचं, त्यावर किती टक्के विश्वास आहे तेही, आणि उत्तर आलं की शेजारी जसंच्या तसं उतरवायचं. पहिलं भाकीत: ‘संपादक पुन्हा काम देणार नाहीत, ८० टक्के.’ उत्तर आलं: ‘शेवट लांबलाय, थोडा छाटा. पुढचा विषय कधी कळवताय?’ त्या हसल्या आणि लगेच म्हणाल्या, “त्यांना दुसरं कुणी मिळालं नसेल.” मग हेही वहीत गेलं, पुढच्या वेळी तपासायला.

एक लेख खरंच नाकारला गेला. वहीत भाकीत होतं, ‘आता सगळं संपेल.’ शेजारी त्यांनी लिहिलं होतं: ‘दोन दिवस वाईट गेले. लेख दुसरीकडे पाठवला.’ मला विचाराल तर कौतुकाच्या साऱ्या नोंदींपेक्षा ही नोंद जास्त उपयोगी पडली.

भीती अजून येते, पण लेख बहुतेक वेळा त्याच दिवशी जातो. तुमची मात्र झोप उडाली असेल, लिहिण्यापलीकडची कामंही अडली असतील, तर नुसत्या वहीवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.