शरद, साल आणि सोयाबीनची पानगळ

एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. गावातल्या शाळेत नवरात्राच्या सुमारास 'शरद ऋतूचे स्वागत' असा फलक करायचा आहे, त्यावर 'पानगळीचा ऋतू शरद' असं लिहिलं तर चालेल का? आणि कोजागरी बरोबर की कोजागिरी?

नाही चालणार. दरवर्षी सप्टेंबर उलटला की हा 'पानगळीचा शरद' कुठून तरी उगवतोच. मागच्या वर्षी एका शाळेच्या भिंतीवर मी लाल-केशरी मेपलची पानं रंगवलेली पाहिली, खाली मोठ्या अक्षरात 'शरद'. त्या भिंतीला लागून कडुनिंब होता, हिरवागार. इंग्रजी 'ऑटम'चं भाषांतर 'शरद' केलं आणि त्याबरोबर तिकडची झडती पानंही इकडे आणली, असा हा घोळ. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. तेव्हा साग उघडाबोडका होतो आणि पळस पेटतो. आश्विनात झाडावरून जी पानं उतरतात ती आपट्याची, आणि तीही आपण ओरबाडतो म्हणून.

(एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो. सोयाबीन पिकलं की पिवळं पडून सगळी पानं गाळतं आणि सोंगणीला नुसत्या शेंगांच्या काड्या उभ्या असतात. तेवढीच आमची शरदातली पानगळ. फलकावर तिचं चित्र काढणार असाल तर माझी हरकत मागे.)

पानगळवाले लगेच 'शॄ' धातू पुढे करतात. शॄ म्हणजे मोडणं, झडणं. त्यापासून शीर्ण आणि त्यापासूनच शरद. उणादिसूत्रांत, म्हणजे शब्द कसे घडले ते सांगणाऱ्या जुन्या संस्कृत व्याकरणसूत्रांत, ही व्युत्पत्ती आहे, हे मला मान्य. पण सूत्रात झाडाची पानं कुठे आहेत? वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात शरदाचे दोन अर्थ लावलेत: 'शृता अस्यामोषधयो भवन्ति', या ऋतूत पिकं पक्व होतात, 'शीर्णा आप इति वा', किंवा पाणी ओसरतं. म्हणजे शीर्ण झालंच तर पाणी. पानांचं नावही नाही. आणि पहिला मान पिकण्याला. आमच्या शिवारात येऊन बघा: मूग-उडीद घरात आलेले, सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं फुटायला लागलेली. कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादही नावाची शेतातली पूजा करतात तीही याच दिवसांत. हा झडण्याचा ऋतू म्हणणाऱ्याने शेत पाहिलेलं नसावं.

आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी काही जण हा शब्द उष्णतेच्या धातूशी नेतात. कॉकेशसातल्या ओसेटियन या इराणी कुळातल्या भाषेत याच शब्दाचा भाऊ चक्क 'उन्हाळा' या अर्थी आहे. आश्विनातल्या दुपारी ज्याने आमच्याकडे कापूस वेचला असेल, तो याला नाही म्हणणार नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. वेदांत शरद म्हणजे वर्षसुद्धा. 'पश्येम शरदः शतं जीवेम शरदः शतम्' हे ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं मागणं शंभर वर्षांचं आहे. अमरकोशही संवत्सर, वत्सर, अब्द यांच्या रांगेत शरद बसवतो. ऋतूच्या नावाने वर्ष मोजायची ही जुनी खोड: 'वर्ष' पावसावरून, 'शतं हिमाः' थंडीवरून. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणणारे आमचे बुढे याच परंपरेतले.

हाच शरद इराणात गेला, किंवा दोघे एकाच घरातून निघाले म्हणा. पारश्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'सरद', अर्थ वर्ष. प्राचीन फारसीत 'थर्द'. इराणचा सम्राट दारियस याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात, इसवीसनपूर्व ५२० च्या सुमारास, 'एकाच वर्षात' मी हे सगळं केलं अशी फुशारकी आहे, तिथे तो येतो. पुढे फारसीने 'र्द'चा 'ल' केला. संस्कृत हृद, फारसी दिल. तसंच शरद आणि साल. होय, आपलं साल! आमच्याकडे गुढीपाडव्याला ज्याचं साल ठरतं तो सालदार, म्हणजे सालगडी, त्याच्या नावात वेदातला शरद बसलाय. त्याला सांगितलं तर तो म्हणेल, 'औंदाच्या सालाचं पैसं वाढवा, मंग सांगजा.'

नवरात्रात गावोगावी शारदेची मूर्ती बसते. त्याच्या पत्रकावर पहिली ओळ ठरलेली: 'सालाबादप्रमाणे यंदाही शारदोत्सव...' शारदा म्हणजे शरदातली. साल आणि शारदा, हजारो वर्षांपूर्वी दुरावलेली ही चुलतभावंडं एका ओळीत येऊन बसतात आणि छापणाऱ्याला पत्ताच नसतो. वर्गणीची पावती फाडताना मला दरवर्षी याचंच हसू येतं.

काही शुद्धिवादी 'साल' हा परकीय शब्द म्हणून 'वर्ष' लिहा असा आग्रह धरतात. परकीय कसला, आपल्याच आजोळचा आहे.

आता कोजागरी. 'को जागर्ति'वरून कोजागरी शुद्ध. बोलण्यात कोजागिरी रुळलंय, माझी तक्रार नाही. आमच्या आजीच्या तोंडी दोन्ही नव्हते, ती 'माडी पुनव' म्हणायची. महिनाभर बसवलेल्या भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीला त्या रात्री जवारीच्या पाच धांड्यांचा मखर. पोरी गाणी म्हणून झाल्या की बंद डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायच्या, खडखडलं की 'फुटाणे!' आता आमच्या शिवारात जवारीच्या जागी सोयाबीन, पाच धांड्यांसाठी शेजारच्या गावाला माणूस धाडावा लागतो.

आणि त्या रात्रीचं दूध. यास्काचा 'शृत' शब्द आठवतोय ना? पाणिनीचं सूत्र आहे 'शृतं पाके', आणि काशिका ही पाणिनीवरची जुनी टीका त्यावर उदाहरण देते 'शृतं क्षीरम्', तापवलेलं दूध. यास्काचा शरद शृतावरून, आणि शरदाच्या पुनवेला आपण नेमकं शृतच पितो. हा माझा तर्क आहे, कुठल्या कोशात सापडणार नाही, पण चंद्राखाली कढई उकळताना मला दुसरं काही सुचत नाही. फलकावर मेपलऐवजी ती कढई काढा.