घरटी लावली, पण चिमण्या येत नाहीत. पक्षी एकमेकांचं बघून जागा ठरवतात का?

हो, ठरवतात. तुम्ही परसात पाच झाडांना पाच पेट्या टांगल्यात आणि जवळपास चिमण्या नाहीत, म्हणता. मग पेट्या रिकाम्या राहणारच.

युरोपातले माशीमार (किडे पकडून खाणारे छोटे पक्षी) हिवाळा आफ्रिकेत काढून वसंतात उशिरा परततात. जागा पारखत बसायला त्यांना सवड नसते. टिट हे छोटे पक्षी मात्र बारमाही तिथलेच, म्हणून माशीमार त्यांचं बघून ठरवतात का, हे तपासलं गेलं. सेप्पानेन आणि फोर्समन या संशोधकांनी टिटांनी व्यापलेल्या पेट्यांवर एक खूण (वर्तुळ किंवा त्रिकोण) लावली, रिकाम्या पेट्यांवर दुसरी. मग माशीमारांपुढे दोन्ही खुणांच्या नव्या पेट्या ठेवल्या. उशिरा आलेल्या माद्यांचा कल टिटांच्या खुणेकडे निघाला (२००७). पुढच्या अभ्यासात तर टिटची अंडी भरपूर असली तर नक्कल, मोजकी असली तर त्या खुणेकडे पाठ! म्हणजे शेजारी आहे एवढंच नाही, त्याचं बरं चाललंय का तेही पाहिलं जातं.

ही सवय अंगाशीही येते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात विणीचा हंगाम सरताना एका गाणाऱ्या पक्ष्याचे आवाज मुद्दाम अयोग्य जागी वाजवले. पुढच्या वर्षी पक्षी तिथेच वस्तीला आले (२००८). म्हणून मोबाइलवर चिवचिवाट लावण्याच्या भानगडीत पडू नका. किडे नसलेल्या जागी बोलावलंत तर पिल्लं उपाशी मरतील. दाणे मोठ्या चिमण्यांना चालतात, पिल्लांना अळ्याच लागतात.

चिमणी घोळक्याने राहते आणि जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही. आधी पाव-अर्धा किलोमीटरात चिवचिवाट कुठे आहे ते शोधा. वाण्याचं दुकान, गोठा, जुना वाडा. पेट्या त्याच बाजूच्या भिंतीला, वळचणीखाली, एकमेकींपासून दोन-तीन फुटांवर, जमिनीपासून आठ-दहा फूट उंच लावा. झाडाला टांगलेली, वाऱ्याने हलणारी पेटी चिमणीला सहसा नको असते. भोक ३२ मिलिमीटरचं. त्यातून साळुंकी शिरत नाही. भोकाखाली काडी ठोकू नका, तिचा फायदा शिकाऱ्यालाच. पश्चिमेचं ऊन टाळा. घरात लावणार असाल तर पंख्याच्या खोलीत नको.

एक नर पेटीवर बसून ओरडू लागला की बाकीच्या पेट्यांना हात लावू नका. साफसफाई पिल्लं उडाल्यावरच. एखादा हंगाम रिकामा गेला तरी पेटी हलवू नका. कोवळ्या चिमण्या हंगामाच्या शेवटी हिंडून जागा हेरत असतात.