साम्राज्य कोसळल्यावर नव्या देशांना राष्ट्र घडवायला इतकी वर्षे का लागतात?

आपण विचारले आहे की, साम्राज्य कोसळून नवे देश स्वतंत्र झाले, सीमा ठरल्या, राज्यघटना झाली, तरी ‘आपण सारे एक’ ही भावना रुजायला पिढ्या का लागतात, आणि सर्वांवर एकच भाषा लादली तर हे काम लवकर होते का. मी बेळगावचा आहे आणि आयुष्यभर इतिहास शिकवला आहे. आमच्या सीमाभागात हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साम्राज्य एका दिवसात जाते, त्याचा कारभार मात्र मागे राहतो. 1918 मध्ये पोलंड पुन्हा उभा राहिला तेव्हा रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या तिघांनी वाटून घेतलेले तुकडे त्याला जोडायचे होते. रशियाकडच्या भागात रेल्वेचे रूळ रुंद होते, इतरत्र अरुंद. मालमत्तेचे आणि वारशाचे कायदे कुठे फ्रेंच वळणाचे, कुठे जर्मन, कुठे ऑस्ट्रियन होते आणि हे दिवाणी कायदे पूर्णपणे एक व्हायला दुसरे महायुद्ध संपावे लागले. आमच्या जिल्ह्यांना ‘मुंबई-कर्नाटक’ हे नाव 2021 पर्यंत चिकटून होते, यावरून जुना कारभार किती चिवट असतो याचा अंदाज यावा.

खरा गुंता सीमेचा. साम्राज्याच्या आतली सीमा वसुलीच्या आणि बंदोबस्ताच्या सोयीने पडलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना नातीगोती, बाजार आणि शेती असते, आणि तोवर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. साम्राज्य गेले की त्याच प्रदेशावर दोन नवी सरकारे हक्क सांगतात आणि दोघांची मापे वेगळी असतात. ऑल्झा नदीवरचे चेशिन हे गाव पाहा. पोलंड म्हणत होता की, या भागात पोलिश बोलणारे अधिक आहेत. चेकोस्लोव्हाकिया म्हणत होता की, हा मुलूख शतकानुशतके बोहेमियाच्या, म्हणजे जुन्या चेक राज्याच्या, राजमुकुटाखाली आहे, शिवाय चेक भागाला स्लोव्हाकियाशी जोडणारा लोहमार्ग इथूनच जातो. जानेवारी 1919 मध्ये त्यावरून लढाई झाली. सार्वमत घ्यायचे ठरले होते, तेही बारगळले. अखेर जुलै 1920 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या विजेत्या राष्ट्रांच्या राजदूतांनी नदी हीच सीमा ठरवली. जुना चौक आणि किल्ला पोलंडकडे गेला, रेल्वे स्थानक चेकोस्लोव्हाकियाकडे. स्वतःला पोलिशही न म्हणवणारे आणि चेकही न म्हणवणारे पुष्कळ लोक तिथे होते, पण त्यांच्यासाठी कोणत्याच नकाशात जागा नव्हती.

बेळगावच्या माणसाला हे वाचताना मापांचे भांडण लगेच ओळखू येते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत ही महाराष्ट्राची मागणी होती. या वादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये खानापूर-निपाणीसह 264 गावे महाराष्ट्राला सुचवली, बेळगाव शहर मात्र कर्नाटकात ठेवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तरीही ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. ही एकाच देशातली राज्यसीमा आहे. आमच्या नागरिकत्वावर कधी प्रश्नचिन्ह लागले नाही.

सोव्हिएत संघातून 1991 मध्ये बाहेर पडलेल्या देशांत अनेकांच्या नागरिकत्वावर ते लागले. लिथुआनियाने तिथे राहणाऱ्या जवळपास सर्वांना नागरिक होण्याची संधी दिली. लाटव्हिया आणि एस्टोनियाने 1940 पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांनाच आपोआप नागरिक मानले. नंतर येऊन वसलेल्या रशियन भाषकांना भाषेची परीक्षा देण्याची अट घातली आणि लाखो लोक ‘बिगर-नागरिक’ ठरले. याला केवळ मनाचा कोतेपणा म्हणणे मला पटत नाही. 1989 च्या जनगणनेत लिथुआनियात लिथुआनियन सुमारे 80 टक्के होते, तर लाटव्हियात लाटव्हियन जेमतेम 52 टक्के. ज्याला आपल्याच घरात अल्पसंख्य होण्याची धास्ती आहे त्याच्याकडून औदार्याची अपेक्षा करणे सोपे, ते दाखवणे कठीण. ती धास्ती समजून घेतली तरी, ज्याचा जन्म तिथलाच त्याला परका ठरवण्याची किंमत तो देश अजून मोजतो आहे, असेच माझे मत आहे.

आता भाषेच्या सक्तीविषयी. फिनलंड 1917 मध्ये रशियन साम्राज्यातून सुटला आणि पुढच्याच वर्षी यादवी युद्धात होरपळला. स्वीडिश भाषक ऑलंड बेटांना तर स्वीडनमध्येच जायचे होते. 1921 मध्ये राष्ट्रसंघाने बेटे फिनलंडला दिली, पण स्वीडिश शाळा आणि बेटांवरची जमीन स्थानिकांच्या हाती राहण्याची हमी घेऊनच. फिनलंडने 1919 च्या घटनेतच फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषा मानल्या होत्या. आज ऑलंडमध्ये फुटून जाण्याच्या मागणीला फारसा जोर नाही. आपल्याकडेही 1956 च्याच घटनादुरुस्तीने कलम 350-अ आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय राज्यांनी करावी असे ठरले. कलम चांगले आहे. पण शिक्षकाची रिकामी जागा भरली जाते की नाही आणि कचेरीतली नोटीस वाचता येईल अशा भाषेत मिळते की नाही, यावरच सीमाभागातला माणूस त्याची पारख करतो.

हक्क दिले की सारे जुळते, असेही नाही. चेकोस्लोव्हाकियाने आपल्या तीस लाखांहून अधिक जर्मनांना त्या काळाच्या मानाने बरे हक्क दिले होते, तरी 1938 मध्ये हिटलरने त्यांचेच निमित्त करून देश तोडला. शेजारी कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, हा हिशेब नव्या राष्ट्राच्या हातात नसतो. सोव्हिएत संघातूनच सुटलेल्या मोल्दोव्हात भाषेचा वाद आणि शेजाऱ्याचा हात हे दोन्ही एकाच वेळी दिसते. 1989 च्या भाषा कायद्याने लॅटिन लिपीतली मोल्दोव्हन ही राज्यभाषा झाली आणि त्याविरुद्ध ट्रान्सनिस्ट्रिया आणि गागाउझिया या दोन प्रदेशांनी 1990 मध्ये वेगळे होण्याची घोषणा केली. ट्रान्सनिस्ट्रियात रशियन सैन्याचा तळ आणि मोठे कारखाने होते. तिथे 1992 मध्ये युद्ध झाले आणि तो भाग आजही सरकारच्या ताब्यात नाही. गागाउझियाला डिसेंबर 1994 मध्ये कायद्याने स्वायत्तता मिळाली आणि तिथल्या कारभारात गागाउझ, मोल्दोव्हन व रशियन या तिन्ही भाषांना स्थान मिळाले. तिचे राजधानीशी खटके अजून उडतात, पण ते मोल्दोव्हाच्या चौकटीत राहून.