इथं हॉलतिकीट येत नसतं

भावा,

तुझा मेसेज दोनदा वाचला, एकदा रेल्वेत आणि एकदा घरी चहा ठेवून. सेलूचा तू, नांदेडला मेकॅनिकल केलंस, तीन वर्षं वाळूजला क्वालिटीत आहेस. जर्मनीसाठी चार महिन्यांत दोनशे बारा अर्ज ऑनलाइन भरलेस. निम्म्याहून जास्त ठिकाणाहून काहीच आलं नाही, उरलेल्यांनी नाही म्हणलं, आणि शेवटी विचारतोस, "ताई, माझ्यातच काही कमी आहे का, का हे सगळं नुसतं दाखवायला असतं?"

सुरुवात तुझ्या दोनशे बारापासूनच करते. तो आकडा तू थोडा अभिमानानं लिहिलायस. आपल्याकडं फॉर्म म्हणलं की कोपऱ्यावरचं मल्टी सर्व्हिसेसचं दुकान, केबीत मोजलेला फोटो, वेगळी स्कॅन केलेली सही आणि शुल्काची पावती. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा होत्या, अर्ज दहा लाखांच्या वर गेले, खुल्या वर्गाला १,००० रुपये शुल्क होतं. त्या भरतीला कितीही शिव्या घाल, पण फॉर्म नीट भरलेल्याला हॉलतिकीट येतं, बैठक क्रमांक मिळतो, उत्तरतालिकेवर हरकतसुद्धा घेता येते. त्यांना तुला मोजावंच लागतं. कंपनीच्या पोर्टलवर असला काही हक्क नसतो. तिथं फॉर्म भरणं म्हणजे बाजारच्या दिवशी चौकात उभं राहणं. कुणी पाहिलं तर पाहिलं. हे मला कळायला दीड वर्ष लागलं, आणि तोवर मी रोज रात्री पावत्या गोळा केल्यासारखे "आपला अर्ज मिळाला"चे मेल एका फोल्डरात ठेवत होते.

आत काय चालतं ते मी गेल्या वर्षी डोळ्यानं पाहिलं. इथं जर्मनीत आमच्या कंपनीतल्या टीममध्ये एक जागा निघाली होती आणि एचआरच्या बाईंशेजारी बसून मला नावं निवडायची होती. लोक म्हणतात रोबो सीव्ही वाचून फेकून देतो. मला तरी रोबो दिसला नाही. दिसली ती एक यादी, एक्सेलसारखी. नाव, जर्मन कुठपर्यंत येतं, कामाचा परवाना आहे का, कधीपासून येऊ शकता, पगाराची अपेक्षा. बाईंनी आधी ह्या रकान्यांवर गाळणी लावली. मग वरून एकेक सीव्ही उघडायला सुरुवात केली. चाळिसाव्याच्या आसपास सहा बरे उमेदवार हाताशी आले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. खालच्या शे-दीडशे लोकांत कोण होतं हे ना त्यांनी पाहिलं ना मी. त्यात कुणी सेलूचा असेलही. त्याला पंधरा दिवसांनी मेल गेला असेल की आम्ही तुमचा अर्ज काळजीपूर्वक तपासला.

म्हणून जाहिरात पडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत अर्ज गेला पाहिजे. तीन आठवडे जुन्या जाहिरातीवर रात्र घालवू नको.

आता ते रकाने. माझा सगळ्यात जलद नकार सात मिनिटांत आला होता. वाळूजच्या खोलीवर रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी सबमिट केलं, सत्तेचाळीसला मेल. मला वाटलं पोचपावती असेल. त्यात "लायडर" शब्द होता. लायडर म्हणजे "दुर्दैवानं". जर्मन मेलमध्ये हा शब्द दिसला की पुढचं वाचायची गरज नसते. तेव्हा जर्मनीत रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते, कोण बसलंय वाचायला? "सध्या तुमच्याकडं इथं काम करायचा परवाना आहे का" ह्यापुढं मी "नाही" टिकलं होतं आणि तिथंच निकाल लागला होता. पण म्हणून खोटं "हो" टिकू नको, पुढं ते निघतंच. ज्या जाहिरातीत हा प्रश्न असा सरळसोट असेल तिथं अर्धा तास घालवू नको. आणि जिथं दोन ओळी लिहायला जागा असेल तिथं लिही की पदवी मान्यताप्राप्त आहे, ब्लू कार्डासाठी, म्हणजे पदवीवाल्यांना मिळणाऱ्या इथल्या कामाच्या परवान्यासाठी, पात्र आहे, नोटीस दोन महिन्यांची आहे. पुष्कळ एचआरवाल्यांना व्हिसाची प्रक्रियाच माहीत नसते, त्यांना ते झंझट वाटतं.

पण हे लिहायच्या आधी पदवी खरंच मान्य आहे का ते बघ. आनाबिन नावाचा परदेशी पदव्यांचा जर्मन सरकारी डेटाबेस आहे, फुकट आहे. त्यात विद्यापीठ आणि पदवी दोन्ही शोधायच्या. विद्यापीठापुढं एच प्लस, म्हणजे मान्यतेची खूण, पाहिजे, आणि तुझ्या पदवीपुढं "एंटश्प्रिष्ट" (जुळते) किंवा "ग्लाइशवेर्टिश" (समकक्ष) ह्यातला एक शब्द पाहिजे. तुझी पदवी लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची असणार, म्हणून कॉलेजचं नाव टाकून शोधत बसू नको. सापडलं तर त्या पानाची पीडीएफ काढून अर्जाला जोड. नाही सापडलं तर झेडएबी ह्या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्याला २०० युरोंच्या आसपास खर्च येतो. दोनशे बारा अर्ज करण्याआधीचं काम हे होतं, पण जाऊ दे, मी पण उलटंच केलं होतं.

पगाराचा रकाना. ह्यात मी जी माती खाल्ली ती तू खाऊ नको. मला वाळूजला महिन्याला अडतीस हजार होते. मनातल्या मनात चौपट केलं, युरोत बदललं आणि वर्षाला २२,००० लिहिलं. म्हणलं, स्वस्तात मिळाले तर घेतील. बरेच महिने असंच लिहीत होते. अगं बाई, त्या पगारावर ब्लू कार्ड मिळूच शकत नाही! कंपनीला घ्यायचं असलं तरी घेता आलं नसतं. ब्लू कार्डाला किमान पगाराची अट असते. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि इंजिनिअरसारख्या तुटवड्याच्या कामांना ४३,७५९.८० युरो. दर जानेवारीला आकडा बदलतो, ताजा बघून घे. आपल्या बाजारात घेणारा-देणारा दोघंही घासाघीस करतात, पण इथं कमी मागणारा समजूतदार ठरत नाही, त्याला काही माहीत नाही एवढंच कळतं.

नावाचं तर विचारूच नको. माझ्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टात माझं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. पोर्टलवर सीव्ही चढवला की ते आपणहून रकाने भरतं, आणि एकदा त्यानं शेवटचा शब्द आडनाव धरला. नकार आला तो "माननीय श्री" लावून आमच्या अप्पांच्या नावानं. मी रडवेली होऊन उदगीरला फोन केला, वाचून दाखवलं. अप्पा सोयाबीनच्या राशीवर होते. म्हणाले, "मी कव्हा अर्ज केलता गं?" मग स्वतःच म्हणाले, "बरं झालं नाही म्हणले, रास कोण उचललं असतं." त्या दिवसानंतर मी सगळीकडं पासपोर्टात आहे तसंच नाव हातानं टाकायला लागले. तेच पोर्टल तुझं गाव कंपनीच्या रकान्यात आणि कंपनी शिक्षणात टाकतं. सीव्ही चढवूनही सगळं पुन्हा टाइप करायला लावतात, तो वैताग मला अजून पटलेला नाही. त्यातल्या त्यात एवढं कर, सीव्हीत तक्ते, दोन स्तंभ, रंगीत पट्ट्या ठेवू नको. साधा, दोन पानी, प्रत्येक नोकरीपुढं महिना आणि वर्ष.

माझ्या वेळी नव्हती अशी एक भानगड तुझ्या वाट्याला येणार. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. तुझ्या जुन्या कागदांवर एक नाव, अनुभवपत्रावर दुसरं. आपल्याला काही वाटत नाही, पण इथल्या माणसाला ती दोन शहरं वाटतात, एकाच कंपनीत असताना तू मधेच कुठं गेलास असं वाटतं. सीव्हीत पहिल्यांदा नाव येईल तिथं "पूर्वीचं औरंगाबाद" असं लिहून टाक आणि पुढं एकच स्पेलिंग ठेव.

तू एमपीएससीचं वर्ष सीव्हीतून काढून टाकलंस असं लिहिलंयस. परत टाक. इथं मोकळी जागा दिसली की संशय येतो. "राज्य सेवा परीक्षेची तयारी" एवढंच लिहायचं. मीही दीड वर्ष ती तयारी केली होती, त्याबद्दल मुलाखतीत एकाच माणसानं विचारलं, आणि परीक्षेला किती लोक बसतात हे ऐकून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नकाराचं कारण का सांगत नाहीत म्हणून तू चिडलायस. २००६ चा समान वागणुकीचा कायदा आहे इथं. नाकारलेला माणूस भेदभावाचा दावा लावू शकतो, म्हणून कंपन्या कारणाचा एक शब्द कागदावर येऊ देत नाहीत. त्या गोड मेलमधून अर्थ काढत बसलास तर वेडा होशील. मी काढायचे. "सध्याच्या घडीला" लिहिलंय म्हणजे पुढं घेतील, असं मैत्रिणीला सांगायचे.

आता संधी कार्डाबद्दल, म्हणजे चान्सनकार्ट, नोकरी शोधायला येण्याचा जर्मन परवाना. १ जून २०२४ पासून सुरू झालंय. सहा गुण जमले की नोकरी शोधायला वर्षभर इथं येऊन राहता येतं, आठवड्याला वीस तास कामही करता येतं. पण स्वतःचा खर्च दाखवावा लागतो. २०२५ साली महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो आधीच बंद खात्यात ठेवायचे. पैसे तुझेच असतात, महिन्याला तेवढेच सुटतात, पण ते खाण्या-राहण्यात संपतात. आपल्या हिशेबात तेरा लाखांच्या आसपास. तू लिहिलंयस की भाऊ एक एकर काढायला तयार आहे. माझं मत विचारशील तर अजिबात नको. जर्मन बी१, म्हणजे भाषेची मधली पातळी, झाल्याशिवाय तर नकोच. इंग्रजी जाहिरातीवर सगळं जग तुटून पडतं, आणि जर्मन येत नसेल तर इथं येऊनही तू तेच पोर्टल भरणार, फक्त खोलीचं भाडं युरोत.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला त्याचंही विचारलंयस. त्यात भर नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा कामांवर आहे. तू त्या रांगेत थांबू नको.

आणि तो परभणीचा "कन्सल्टंट", जो दोन लाखांत ऑफर लेटर देतो म्हणतोय. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर यादी आहे, आणि उमेदवाराकडून त्याला फार तर ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. त्याला नोंदणी क्रमांक विचार. फोन उचलणं बंद करेल.

मला नोकरी कशी लागली ते ऐकून तुला राग येईल. वाळूजच्या आमच्या कंपनीत एक जर्मन ऑडिटर आला होता. एका पार्टच्या मोजमापावरून मी त्याच्याशी वाद घातला होता आणि गेज परत लावून दाखवलं होतं. जाताना त्यानं कार्ड दिलं. ते दोन वर्षं डब्यात पडून होतं. शेवटी बी१ची परीक्षा झाल्यावर त्याला मोडक्या जर्मनमध्ये आठ ओळी लिहिल्या, तो वाद आठवण करून देऊन. त्यानं उत्तर दिलं, एका छोट्या गावातल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीचं नाव सांगितलं, तिथल्या क्वालिटी प्रमुखाला माझा सीव्ही पाठवला. आणि मग काय, त्या कंपनीनं मला त्यांच्या पोर्टलवर फॉर्म भरायला लावला. सगळे रकाने. पण ह्या वेळी पलीकडं कुणीतरी माझ्या नावाची वाट बघत होतं. तुझ्या लाइनवर असले किती पाहुणे आलेत तीन वर्षांत? सप्लायरचे, मशीन बसवायला आलेले, कॅलिब्रेशनवाले? त्यांची नावं काढ आधी. अर्ज आठवड्याला तीन पुरेत, पण त्या कंपनीत काय बनतं ते तुला माहीत पाहिजे.

पहिली मुलाखत मात्र मी जवळजवळ घालवली होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढं जातात हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या दहाला आपले अडीच वाजतात असं धरून मी साडी नेसून, पंखा बंद करून बसले, आणि तिकडं लोक तासापासून स्क्रीनकडं बघत होते.

तर ह्या आठवड्यात आनाबिनवर जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट आणि सीव्ही पाठव, जसा आहे तसा. रविवारी मी दुपारी बाराला मोकळी असते. आत्ता तुझ्याकडं तेव्हा साडेतीन वाजतात. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटल्यावर फोन करणार असशील तर साडेचारला कर.

ताई