सगळं मोबाईलवर आहे, मग लायब्ररीत कशाला जायचं?

प्रश्न : मी यावल तालुक्यातली, बीएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. केळीवरच्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) रोगावर प्रोजेक्ट घेतलाय. माहिती चॅटजीपीटीवरून काढली, संदर्भांची यादी पण त्यानेच दिली. आता सर म्हणतात यातले पेपर सापडतच नाहीत, लायब्ररीत जा. आमच्या लायब्ररीत तर एमपीएससीवाले जागा धरून बसलेले असतात, तिथं जाऊन मी करू काय?

उत्तर : ताई, सरांचं बरोबर आहे, पण नुसतं 'जा' म्हटलं की पोरगी तिथं पंख्याखाली बसून परत येणार, दुसरं काय. आपल्याकडे पहिल्या वर्षी लायब्ररीची ओळख म्हणजे बीटी कार्ड (पुस्तक घरी न्यायचं कार्ड) किती मिळणार आणि उशीर झाला तर दंड किती, संपलं. शोधायचं कसं ते कोणी शिकवत नाही, आणि खरी गरज तर त्याचीच आहे.

आधी ती यादी तपासा. एआय कधीकधी खरा लेखक, खरं जर्नल घेतो आणि त्यांच्या नावावर कधी छापलाच नाही असा पेपर ठोकून देतो. पेपरचं पूर्ण नाव अवतरण चिन्हात टाकून गुगल स्कॉलरवर बघा, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) दिला असेल तर तो उघडा, नाहीतर जर्नलच्या साइटवर जाऊन तो अंक, ते पान काढा. तिथं भलताच लेख निघाला की नाव खोडून टाका, दयामाया नको.

मग ग्रंथपालांना गाठा आणि एन-लिस्टचं लॉगिन मागा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची योजना आहे, कॉलेज सभासद असेल तर विकतची जर्नल्स, ई-बुक्स घरबसल्या वाचता येतात, पण बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं. पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर फुकट आहेत, शेतीचे कृषिकोशवर. छापील पुस्तकं हवी असतील तर ड्यूई पद्धतीत (पुस्तकं विषयवार नंबर देऊन लावायची पद्धत) फळपिकं ६३४ नंबरला लागतात, त्या रॅकवर एक चक्कर मारा, मागायला गेलो नव्हतो असं काहीतरी हाती लागतंच.

आणि यूट्यूबवर 'हे फवारा, सीएमव्ही गायब' असं कोणी सांगत असेल तर तो काय विकतोय ते आधी बघा. हा व्हायरस आहे, लागण झालेलं झाड फवारून बरं होत नाही, ते उपटून नष्ट करावं लागतं आणि रोग पसरवणाऱ्या मावा किडीचा बंदोबस्त करावा लागतो. त्रिचीला आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) केळी संशोधन केंद्र आहे, त्यांचं साहित्य आणि तो व्हिडिओ शेजारी ठेवून वाचा, फरक लगेच कळेल.

प्रश्न : प्रोजेक्टमध्ये १० टक्के कॉपी चालते म्हणे, खरं का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नाही भाऊ. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही एवढंच म्हटलंय. म्हणून कोणाचा अख्खा परिच्छेद उचलून नाव गाळायचं, असं नाही. जिथून घेतलं त्याचा संदर्भ तिथंच द्या, नंतर टाकू म्हटलं की राहून जातं.