वाचकांचे प्रश्न: छावणीच्या मातीतली बटणं, गोळ्या आणि हाडं

गेल्या अंकात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या (१७७५ ते १७८३) सैनिकी छावण्यांच्या उत्खननावर लेख होता. पेनसिल्व्हेनियातली व्हॅली फोर्ज, न्यू जर्सीतलं मॉरिसटाऊन आणि न्यूयॉर्क राज्यातलं न्यू विंडसर या ठिकाणी जमिनीतून निघालेल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंची त्यात ओळख करून दिली होती. त्यावर सातारा-सांगली भागातून बरीच पत्रं आली. त्यांतल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : रणांगण सोडून, सैनिक नुसते राहिले त्या जागेवरची बटणं आणि हाडं कशासाठी उकरायची? त्यातून इतिहासाला काय मिळतं? (महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

सैनिकाचे लढाईचे दिवस थोडे, मुक्कामाचे फार. त्याने काय खाल्लं, थंडी कशी काढली, रिकाम्या वेळात काय केलं, हे मुक्कामाची जागाच सांगते. शिवाय छावणीची तारीख पक्की असते. व्हॅली फोर्जला अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनची सुमारे बारा हजारांची फौज १९ डिसेंबर १७७७ रोजी आली आणि जून १७७८ मध्ये तिथून हलली. त्या झोपड्यांच्या जमिनीवर सापडलेली वस्तू त्याच सहा महिन्यांत तिथे पडली, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. आपल्याकडे गावाच्या पांढरीत शेकडो वर्षांची खापरं एकमेकांत मिसळलेली असतात, तिथे ही सोय नसते. म्हणून छावणीतली वस्तू हे एक माप ठरतं. तशीच वस्तू दुसरीकडे बेवारशी सापडली, तर तिचा काळ या मापावरून ठरवतात.

कागद आणि जमीन यांतला फरकही इथेच दिसतो. वॉशिंग्टनचा हुकूम असा होता : प्रत्येक झोपडी १४ फूट बाय १६ फूट, भिंती ओंडक्यांच्या आणि साडेसहा फूट उंच, मागच्या बाजूला चूल, चुलीला आतून १८ इंच जाड मातीचा थर, दार रस्त्याकडे, आणि एका झोपडीत बारा शिपाई. खोदल्यावर झोपड्या लहानमोठ्या निघाल्या, काहींच्या चुली कोपऱ्यात निघाल्या. ज्या प्रांताची तुकडी, तिची बांधायची पद्धत तशी.

जेवणाचंही तसंच. नोव्हेंबर १७७५ मध्ये काँग्रेसने (अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने) ठरवलेला शिधा असा होता : माणशी रोज एक पौंड (सुमारे ४५० ग्रॅम) गोमांस, किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, किंवा एक पौंड खारवलेले मासे, एक पौंड पाव किंवा पीठ, आठवड्याला तीन पिंट वाटाणे किंवा घेवडा. हा झाला कागद. प्रत्यक्षात काय मिळालं ते हाडांवरून कळतं. मांडी-पुठ्ठ्याची हाडं जास्त असतील तर मांस बरं मिळत होतं. डोक्याची आणि खुरांची हाडं जास्त असतील तर जनावर तिथेच कापलं गेलं, नाहीतर शिपायांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. नळ्या बारीक फोडलेल्या असतील तर मज्जेचा थेंबही सोडला नव्हता. कुऱ्हाडीचा घाव आणि करवतीचा काप हाडावर वेगळा उमटतो, तोही पाहतात.

बटणांचं महत्त्व सर्वांत मोठं. १७६८ च्या सुमारापासून ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचा आकडा असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम कॅल्व्हर आणि रेजिनाल्ड बोल्टन या दोघा हौशी अभ्यासकांनी मॅनहॅटनच्या उत्तर भागात ब्रिटिशांच्या झोपड्या खणल्या, तेव्हा आकड्यांच्या बटणांवरून कोणती पलटण कुठे राहिली हे जुळवता आलं. अमेरिकन फौजेची कथील-शिशाच्या मिश्रधातूची बटणं मिळतात, त्यांवर ‘यूएसए’ ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. हाडाच्या पट्टीतून गोल चकत्या कापून बटणं केली, की भोकं पडलेली पट्टी उरते. अशी पट्टी मिळाली तर बटण तिथेच बनत होतं एवढं नक्की. तयार बटणापेक्षा ही टाकाऊ पट्टी जास्त सांगते, आणि घाईने खणणारा नेमकी तीच फेकून देतो.

आणखी काय काय मिळतं? बुटांची बकलं, टाचण्या, अंगुस्तान, गळ, हाडाच्या फण्या, मोरचंग, चकमकीचे दगड. यांतला मधासारखा पिवळसर दगड बहुधा फ्रान्सचा आणि काळपट करडा इंग्लंडचा. शिसं तर कोणी वाया जाऊ देत नसे. गोळी ठोकून चौकोनी फासे करत, टोक काढून पेन्सिल करत, चपटी करून त्यात चकमक गुंडाळत म्हणजे ती बंदुकीच्या घोड्यात घट्ट बसे.

प्रश्न : आमच्या शेतात नांगरताना शिशाची गोळी सापडली. ती कोणत्या बंदुकीची हे कसं ओळखायचं? तिच्यावर दातांसारख्या खुणा आहेत. (शेतकरी, कराड तालुका)

आधी हात धुवा आणि गोळी मुलांच्या हाती देऊ नका. शिशावरची पांढरी भुकटी विषारी असते. ती खरवडूही नका, कारण त्यातच खुणा असतात आणि वजनही घटतं.

गोळी गोल असेल तर व्हर्नियर कॅलिपरने तीन दिशांनी व्यास मोजा आणि सरासरी घ्या. त्या युद्धातली मुख्य दोन मापं अशी : ब्रिटिश ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी ०.७५ इंच आणि गोळी सुमारे ०.६९ इंच (साडेसतरा मिमी). फ्रेंच ‘शार्लव्हिल’ची नळी ०.६९ इंच आणि गोळी ०.६३ ते ०.६५ इंच (१६ ते साडेसोळा मिमी). गोळी नळीपेक्षा लहान ठेवत, कारण काळ्या दारूची काजळी नळीत साचत जाते आणि गोळी कागदी काडतुसात गुंडाळून आत जाते. नेमक्या मापाची गोळी चार-सहा बारांनंतर नळीत अडकली असती.

गोळी चपटी झाली असेल तर व्यास मोजून उपयोग नाही, वजन करा. सोनाराचा काटा उत्तम. न्यू जर्सीतल्या मॉनमथच्या रणांगणावर काम केलेल्या डॅन सिव्हिलिच यांचं सूत्र वापरतात : ग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ काढून त्याला ५.६७ ने गुणायचं, म्हणजे मूळ व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. गोळी २७ ग्रॅमची असेल तर घनमूळ ३, व्यास सुमारे १७ मिमी. हे माप वरच्या दोन्हींच्या मधलं आहे हे लक्षात घ्या. एकट्या गोळीवरून कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एका जागच्या वीस-पंचवीस गोळ्या तोलल्या आणि वजनं एका आकड्याभोवती गोळा झाली, तरच म्हणण्यात अर्थ. आपल्याकडे तर आणखी अडचण आहे. तोड्याच्या बंदुकांना एकच ठरावीक माप नव्हतं, त्यामुळे गोळ्या सर्व मापांच्या मिळतात. कंपनी सरकारच्या फौजेकडे मात्र ब्राउन बेसच्या घडणीच्या बंदुका होत्या.

साच्याची शिवण आणि ओतल्याचा देठ दिसत असेल तर गोळी बहुधा उडालीच नाही, खिशातून पडली. छावणीत अशाच जास्त असतात. रणांगणावर चेपलेल्या जास्त.

दातांच्या खुणांबद्दल जखमी शिपायाने वेदनेत गोळी चावल्याची कथा अमेरिकेतही घरोघर सांगतात. तपासल्यावर अशा पुष्कळ गोळ्या डुकरांनी चघळलेल्या निघाल्या. जमीन उकरताना डुक्कर गोळी तोंडात घेतं आणि दाढांखाली चावतं, त्यामुळे खोल, वेड्यावाकड्या खुणा साऱ्या गोळीवर पडतात. माणसाच्या दातांची खूण उथळ असते. बारीक, समांतर चरे असतील तर ते उंदीर-घुशीचे.

प्रश्न : तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपच्या नळीतलं भोक मोजून वर्ष सांगता येतं, असं लेखात होतं. आपल्या चिलमींना ते लागू पडेल का? (निवृत्त शिक्षिका, मिरज)

चिलमीला नाही. हे गणित लांब दांडीच्या, पांढऱ्या मातीच्या इंग्लिश पाइपसाठीच आहे. सतराव्या-अठराव्या शतकात दांड्या लांब होत गेल्या आणि भोक पाडायला आतून घालायची तार बारीक होत गेली. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये हा क्रम मांडला. भोक इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात : १६२० ते १६५० च्या पाइपांत ते बहुधा ८/६४, १६८० ते १७१० मध्ये ६/६४, आणि १७५० ते १८०० मध्ये ४/६४ म्हणजे जेमतेम १.६ मिमी. मोजायला ड्रिलच्या बिटांचा संच पुरतो. जे बिट उलट्या, गुळगुळीत टोकाने सहज जातं पण त्यापुढचं जात नाही, ते माप. धारेचं टोक घालू नका, भोक रुंदावतं. लुईस बिनफर्ड यांनी पुढे याचं सूत्र केलं : वर्ष = १९३१.८५ वजा (३८.२६ गुणिले सरासरी माप). सरासरी माप ५ (म्हणजे ५/६४ इंच) आलं तर उत्तर १७४०-४१ येतं.

दोन-चार तुकड्यांवर हे करू नये, शंभरेक तरी हवेत. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे तर सूत्र कोलमडतंच. साताऱ्यात कंपनीचा अंमल १८१८ नंतरचा, त्यामुळे कॅम्प भागात असा तुकडा मिळाला तरी त्यावर हे गणित चालवू नये. तिथे दांडीवरचा कारखान्याचा छाप पाहावा.

प्रश्न : आमचा गट रविवारी किल्ल्यावर टाक्यांतला गाळ काढतो. वस्तू निघाल्या तर काय करावं? घासून स्वच्छ करून गावात ठेवल्या तर? (दुर्गसंवर्धन गट, वाई)

तुमच्या कामाला मनापासून दाद, पण घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पावडर यांनी नाण्यावरची अक्षरं जातात, ती परत येत नाहीत.

काम सुरू करण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या पुणे विभागाची लेखी परवानगी घ्या. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हा आहे. मग गाळ सरसकट उपसू नका. दहा-दहा सेंटिमीटरचा थर काढा आणि प्रत्येक थराची घमेली वेगळ्या ढिगात टाका. वाळूची ६ मिमीची चाळणी लावा. मणी आणि टाचण्या तिच्यातून निसटतात म्हणून खाली ३ मिमीची दुसरी लावा. वस्तू दिसली की थांबा, जागेवरच पट्टी ठेवून फोटो घ्या. टाक्याच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने दोन अंतरं घ्या आणि काठापासून खोली घ्या. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका, ते कित्येक मीटर चुकतं आणि टाकंच तेवढं असतं.

ओलं निघालं ते ओलं ठेवा, कोरडं निघालं ते कोरडं. गाळातलं लाकूड किंवा चामडं उन्हात ठेवलं की तासाभरात तडकू लागतं. ते पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. कोरडं लोखंड हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. शिसं लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका, त्यांच्या आम्लवाफेने ते पांढरं पडून भुसभुशीत होतं. प्लॅस्टिकची डबी चालेल. तांब्या-पितळेवर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर ती वस्तू वेगळी काढा आणि जाणकाराला दाखवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.

तोफगोळ्याबाबत विशेष काळजी घ्या. भरीव लोखंडी गोळा निरुपद्रवी असतो. पण एखाद्याला भोक असेल, किंवा आकाराच्या मानाने तो हलका लागला, तर तो पोकळ असू शकतो आणि आत दारू असू शकते. ठोकू नका, तापवू नका, हलवूही नका, पोलिसांना कळवा.

आता कायदा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि मिळू शकणारा वाटाही जातो. गावातल्या मंदिरात किंवा गटाच्या कपाटात ठेवणं त्यात बसत नाही.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत काम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. उन्हाळ्यात या मातीला हात-दोन हात खोल भेगा पडतात आणि वरचं नाणं थेट खाली जातं. खालच्या थरात मिळालं म्हणून ते जुनं, असा हिशेब इथे चालत नाही. एक फायदाही आहे : ही माती चुनखडीयुक्त असल्याने आम्लधर्मी मातीपेक्षा हाडं इथे चांगली टिकतात. म्हणून हाडं फेकू नका.

प्रश्न : मेटल डिटेक्टर घेऊन माळावर शोध घेतला तर चालेल का? (वाचक, तासगाव)

नको. अमेरिकेतही राष्ट्रीय उद्यानांत तो चालवायला बंदी आहे, आणि १९७९ च्या कायद्याने सरकारी जमिनीतली शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय काढणं गुन्हा आहे. मॉनमथला तो वापरला, पण तिथे प्रत्येक गोळीची जागा नकाशावर नोंदवून. खड्डा करून गोळी खिशात घातली की ती कुठून आली हे कायमचं पुसलं जातं.

प्रश्न : शाळेत मुलांना हे समजावण्यासाठी एखादा उपक्रम सुचवा. (शिक्षक, सांगली)

मैदानावर फक्कीने व्हॅली फोर्जच्या झोपडीएवढी, १६ फूट बाय १४ फूट चौकट आखा. एका टोकाला दार आणि समोरच्या टोकाला चार फुटांची चूल दाखवा. आत बारा मुलांना झोपायला सांगा, प्रत्येकाला दप्तर उशाशी घेऊ द्या. माणशी पावणेएकोणीस चौरस फूटसुद्धा येत नाहीत, आणि त्यातूनच चूल आणि वाट वजा करायची आहे. मग बटणं, शेंगांची टरफलं, पेन्सिलीचे तुकडे चौकटीत ज्याने त्याने बसल्या जागी टाकावेत. दुसऱ्या वर्गाने दोरीने दोन-दोन फुटांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातल्या वस्तू वहीत मोजून लिहाव्यात, आणि चूल कुठे होती व मुलं कुठे बसली होती ते फक्त वहीवरून सांगावं. फक्कीची चूल आधी पुसून टाकायला विसरू नका.